फक्त उजवी नाकपुडी

१

शनिवारी सकाळी सात वाजता नायगावच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या माळ्यावरच्या पॅसेजमधून एक स्टीलचा पेला गडगडत आला आणि बकुळाबाईंच्या उंबऱ्यावर आपटून थांबला. त्याच्या मागे सातूच्या पिठाचा ओघळ होता, आणि ओघळाच्या मागे रखमा मांडवकर. तिच्या पदराला ताजं रक्त लागलं होतं.

"काय घातलंस गो ह्यात?" ती बकुळाबाईंच्या खांद्यावरून आत बघत म्हणाली. "माझ्या पोरीला काय घालतेस रोज?"

हा प्रश्न दीपिकाला होता. दीपिका म्हणजे बकुळाबाईंची भाची, भावाच्या मागे त्यांनीच वाढवलेली. रखमाची दर्शना आणि दीपिका एकाच पॅसेजच्या दोन टोकांना जन्मल्या, एकाच शाळेत गेल्या आणि आता दोघी पोलीस भरतीला उतरल्या होत्या. सोमवारी दोघींचं ग्राउंड होतं, म्हणजे मैदानी चाचणी. दीड महिना रोज पहाटे दोघी धावायच्या, आणि घरी आल्यावर दीपिका दोघींसाठी गूळ घालून सातूचं पीठ कालवायची. तिचा पेला मांडवकरांच्या घरात मात्र कधी गेला नाही. तो दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर थांबायचा. दर्शना तिथेच उभी राहून प्यायची. बकुळाबाईंनी हे पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि पोरींच्या मैत्रीखातर गिळलं होतं.

गेले दहा दिवस दर्शनाचा घोळणा फुटत होता. आज पाचवी खेप, आणि त्यातल्या तीन खेपांना दाराशी दीपिकाचा पेला. रखमाला एवढा पुरावा पुष्कळ झाला. शिवाय आज पोरीला रक्ताची उलटी झाली होती. उलटी म्हणजे विष, विष म्हणजे दीपिका, कारण धावण्यात दीपिका दर्शनाच्या चार सेकंद मागे. रखमाच्या थोरल्या मुलाने, स्वप्नीलने, तक्रारीचा अर्जही लिहून ठेवला होता. ओळखीचा हवालदार ड्युटीवर येतो म्हणून संध्याकाळी सहाला तो पोलीस ठाण्यात जाणार होता.

एकदा का विषप्रयोगाच्या तक्रारीत नाव गेलं, की खरं-खोटं होईपर्यंत भरती संपलेली असते. हे पॅसेजमधल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

बकुळाबाईंनी भांडण तिथेच सोडलं आणि मांडवकरांच्या घरात घुसल्या. परळच्या एका इस्पितळात कान-नाक-घशाच्या ओपीडीत पस्तीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेली बाई ती. आत नेहमीचंच दृश्य होतं. दर्शनाचं डोकं मागे टाकलेलं, नाकाशी फोडलेला कांदा, आणि शेजारची एकजण टाळूवर गार पाणी ओततेय.

"तुम्ही हात नका लावू," रखमा मागून म्हणाली.

"पस्तीस वर्षं नाकंच धरलीत मी. बाजूला हो."

त्यांनी दर्शनाला उठवून बसवलं, मान पुढे झुकवली आणि नाकाचा मऊ भाग दोन बोटांत धरून तोंडाने श्वास घ्यायला लावला. घड्याळ लावून दहा मिनिटं. धरता धरताच त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की डोकं मागे टाकलं की नाकातलं रक्त घशातून पोटात उतरतं, पोटाला ते सोसत नाही आणि ते काळं होऊन बाहेर पडतं. ही उलटी विषाची नव्हे, तुमच्या उपचाराची आहे.

रखमाचा चेहरा हलला नाही. मग बकुळाबाई जे बोलल्या ते ऐकून दाराशी उभ्या दीपिकाचाच चेहरा उतरला.

"सहापर्यंत थांब, रखमा. हे कोण करतंय ते मी तुझ्यासमोर उभं करते. नाही जमलं, तर दीपिकाला हाताला धरून मीच तुझ्याबरोबर ठाण्यात येते."

२

"तू मला पणाला लावलंस, आत्या," दीपिका घरी येऊन म्हणाली. "आणि वर त्यांच्याकडे वेळ मागितलास. हात जोडायचेच बाकी ठेवलेस."

बकुळाबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. हात जोडायची सवय आपल्या घराण्याला कुणी लावली नाही, एवढंच म्हणाल्या. पण निर्दोष आहे म्हणून नुसतं ओरडणाऱ्याचा घसा बसतो, आणि लोक म्हणतात, चोराच्या उलट्या बोंबा. खरा गुन्हेगार टेबलावर ठेवला की ओरडावं लागत नाही.

एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. रखमाने पुरावा म्हणून पाचही खेपांची फडकी जपून ठेवली होती आणि त्यांनी ती उलगडून पाहिली होती. प्रत्येक फडक्यावर डाग एकच, एका बाजूचा. दर्शनालाही विचारलं. रक्त दर वेळी उजव्या नाकपुडीतून, डावी कोरडी.

त्यांच्या ओपीडीचे मोठे डॉक्टर नव्या पोरांना सांगायचे की दोन्ही बाजूंनी रक्त आलं तर सगळं अंग तपासा, आणि एकाच बाजूने येत राहिलं तर समजा, आत भाडेकरू आहे. लहान मुलांत तो भाडेकरू चिंचोका असायचा, कधी मणी, कधी पेन्सिलीचं टोक. पण दर्शना बावीस वर्षांची घोडी. ती नाकात मणी कशाला घालेल?

पहिला संशय बकुळाबाईंनी धुळीवर घेतला. शेजारची चाळ पाडायचं काम चालू होतं आणि सगळ्या माळ्यावर सिमेंटचा थर बसत होता. त्यांनी बॅटरी घेऊन दर्शनाच्या नाकाचा पुढचा पडदा पाहिला. दहापैकी नऊ घोळणे तिथे फुटतात, नाक कोरडं पडून किंवा बोट घालून. पडदा ओला, गुलाबी, बिनखपलीचा होता. धूळ सुटली.

दुसरा स्वप्नील. सकाळी सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता आणि त्यांच्या अनुभवात मोठ्या आवाजाखाली काहीतरी झाकलेलं असतं. त्यांनी त्याला पॅसेजच्या टोकाला गाठून सरळ विचारलं, तू बहिणीला काय देतोस? आधी तो काहीच नाही म्हणाला, मग जिममधल्या मित्राकडून आणलेली पावडर म्हणाला. रोज दुधातून, आईला न सांगता. पोरगी पास व्हावी म्हणून.

"मग सकाळी हे का नाही बोललास?"

त्याला वाटत होतं की आपल्याच पावडरने बहिणीचं रक्त वाहतंय. ते दीपिकावर गेलं तर बरंच, एवढा हिशेब त्याने केला होता. तो डबा त्याने आणून दिला. बकुळाबाईंनी लेबल वाचलं, त्यात दुधाच्या प्रथिनांपलीकडे काही नव्हतं. पण डब्याच्या तळाशी, पावडरीत अर्धी रुतलेली, एक औषधाची पट्टी होती. चार गोळ्या काढलेल्या.

३

पट्टी स्वप्नीलची नव्हती. त्याने आईची शपथ घेतली, आणि आता त्याच्या आवाजात सकाळचा जोर नव्हता. दर्शनाने मान खाली घालून कबूल केलं की गोळ्या सौमित्र सरांनी दिल्या. आईला दिसू नयेत म्हणून डब्यात लपवल्या.

सौमित्र मैदानाच्या कडेला पोरापोरींना भरतीची तयारी करून घ्यायचा. बकुळाबाई ऊन चढलेलं असताना तिथे पोहोचल्या तेव्हा तो गोळाफेकीच्या रेघा आखत होता. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. पोरीची नडगी सुजली होती म्हणून आपल्याजवळच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. रोज एक, असे चार दिवस.

बकुळाबाईंनी पट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं. दुखण्याच्या अशा गोळ्यांनी रक्त थांबायला वेळ लागतो, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. रहस्य इथेच सुटलं असतं तर त्या दुपारच्या जेवणाला घरी असत्या.

पण त्यांनी बोटांवर दिवस मोजले. शेवटची गोळी घेऊन दोन आठवडे झाले होते. या गोळ्यांचा अंमल दोन-तीन दिवसांत उतरतो, आणि पहिला घोळणा दहा दिवसांपूर्वी फुटला. औषध उतरून गेल्यावर रक्त सुरू झालं. शिवाय गोळीने फार तर वाहणारं रक्त लांबतं. गोळी उजवी नाकपुडी कशी निवडेल?

त्यांनी सौमित्रला दुसऱ्यांच्या पोरींना औषधं वाटल्याबद्दल चार शब्द सुनावले. त्याने ऐकून घेतले आणि मग आपणहून एक गोष्ट सांगितली. ग्राउंडवर दर्शनाचं नाक एकदाही फुटलं नाही. कितीही पळवा, कितीही उन्हात. फक्त परवा पाण्याच्या ड्रमवर वाकून तिने ओंजळीने तोंड धुतलं, नाक शिंकरलं आणि ती म्हणाली, सर, आत मुंगी फिरतेय.

"मुंगी?"

"तसंच म्हणाली. मी हसलो."

बकुळाबाई हसल्या नाहीत. त्या भर उन्हात उभ्या राहिल्या आणि वीस वर्षांपूर्वीचा एक पेशंट आठवायचा प्रयत्न करू लागल्या. महाडकडचा एक गुराखी होता. त्यालाही काहीतरी फिरल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पाणी भरलेला ट्रे का मागवला होता?

४

दुपारी दोनला त्या रखमासमोर बसल्या. रखमाने पाणी विचारलं नाही आणि बकुळाबाईंनी मागितलं नाही. त्यांनी आधी रक्ताचे रिपोर्ट मागितले. गल्लीतल्या डॉक्टरने तपासण्या लिहून दिल्या होत्या आणि सगळं नॉर्मल आलं होतं. रखमाच्या लेखी नॉर्मल म्हणजे डॉक्टरला कळलं नाही.

बकुळाबाईंनी कागद तिच्यासमोर धरून एकेक ओळ वाचली. रक्तातल्या पेशी पुरेशा, रक्त गोठायला लागणारा वेळ बरोबर, ब्लडप्रेशर बरोबर. हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर काळेनिळे डाग नाहीत, पाळी नेहमीसारखी.

"रखमा, विष पोटातून सगळ्या अंगात जातं. ते उजवं-डावं बघत नाही. ह्या पोरीचं रक्त चांगलं आहे, दुखणं एका नाकपुडीत आहे. आता मला सांग, पाचही वेळा ती कुठे उभी होती?"

रखमाने आठवून सांगितलं. चार वेळा मोरीत तोंड धुताना, एकदा बाहेरच्या नळावर. म्हणजे सातू पिण्याच्या आधी, प्रत्येक वेळी. धावून आली की पोरगी तोंड धुवायची आणि मग पेला उचलायची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि रखमाने कावळ्यावर अर्ज लिहिला. शिवाय मधले दोन दिवस दीपिका मामाकडे कल्याणला होती. त्यातल्याही एका दिवशी दर्शनाचं नाक फुटलंच होतं. रखमाने हे सांगून टाकलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

बकुळाबाईंनी तो मुद्दा उचलला नाही. त्यांनी विचारलं, गेल्या महिन्यात कुठे बाहेरगावी गेला होता का?

शिमग्याला, गावी, लांज्याकडे. पालखी घरी यायची होती. गावाचा विषय निघाल्यावर रखमाचा आवाज प्रथमच मऊ झाला. भरतीसाठी नवस बोलायचा होता म्हणून पोरीला देवराईतल्या झऱ्यावर नेलं. त्या पाण्याला फार सोवळं. नवसाचं माणूस तिथे हात लावत नाही. गुडघे टेकायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि तोंड बुडवून पाच घोट प्यायचं. हाताने पाणी बाटतं.

"स्वप्नील प्यायला?"

तो बाटली घेऊन हिंडत होता. आणि रखमाचे गुडघे वाकत नाहीत, तिच्या हातावर गुरवाने वरून धार सोडली. तोंड बुडवलं ते एकट्या दर्शनाने. सगळ्यांनी कौतुक केलं, कारण तिने नाकापर्यंत बुडवलं होतं.

बकुळाबाईंनी दाराकडे पाहिलं. दाराबाहेरचा चपलांचा स्टँड त्यांना बसल्या जागेवरून दिसत होता. बाटण्याच्या भीतीने हात मागे बांधले आणि नाक पुढे केलं. त्यांना राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी पोरीची दयाही आली.

"आता हिला पाणी द्यायचं नाही," त्या उठत म्हणाल्या. "प्यायला नाही, धुवायला नाही. पाचला मी येते. माठातलं गार पाणी आणि एक पांढरं भांडं तयार ठेव. आणि सकाळी ज्यांना ज्यांना सांगितलंस त्या सगळ्यांना बोलाव."

५

पाच वाजता मांडवकरांच्या खोलीत आणि दाराबाहेर मिळून पंधरा माणसं होती. स्वप्नीलच्या खिशात अर्ज दिसत होता. दीपिका उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिने आत यायला नकार दिला होता आणि बकुळाबाईंनी आग्रह केला नव्हता.

त्यांनी दर्शनाला खिडकीशी उजेडात बसवलं, मान पुढे घ्यायला लावली आणि पाण्याचं पांढरं भांडं तिच्या नाकाच्या खाली, पाणी नाकाला जेमतेम टेकणार नाही असं धरलं. तोंडाने श्वास घे, हलू नकोस, घाबरू नकोस.

पहिलं मिनिट गेलं. दुसरं गेलं. कुणीतरी मागे कुजबुजलं की आता म्हातारी मंत्र म्हणणार.

"मंत्र-बिंत्र आमच्याकडे चालत नाही," बकुळाबाई भांड्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आम्ही बघतो आणि मग बोलतो. तुम्हीही आज तसंच करा."

स्वप्नीलने घड्याळ पाहिलं. सव्वापाच. बकुळाबाईंचा हात भरून आला होता आणि मनात पहिल्यांदाच शंका डोकावली. समजा, आपण चुकलो. समजा, ते काल शिंकेबरोबर पडून गेलं असेल. बाहेर दीपिका उभी होती आणि शब्द आपण दिला होता. त्यांनी भांडं आणखी बोटभर वर घेतलं.

उजव्या नाकपुडीच्या कडेला काहीतरी काळं चमकलं. ते आत गेलं, परत आलं. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करंगळीच्या पेराएवढं, ओलं, शेवाळी अंग लांब होत पाण्याकडे झुकलं आणि हवेत चाचपडू लागलं.

रखमाने तोंडात पदर कोंबला.

"जळू," बकुळाबाई म्हणाल्या. "तुझ्या देवाच्या झऱ्यातली. आत गेली तेव्हा दोऱ्याएवढी असेल, कळलंही नसेल. महिनाभर पोरीच्या रक्तावर वाढलीय. पाण्याची चाहूल लागली की ती जागा सोडते, आणि सुटलेल्या जागेतून रक्त वाहतं. तिच्या तोंडातल्या रसाने ते गोठत नाही. म्हणून तोंड धुताना घोळणा फुटायचा, म्हणून फडक्यांनी थांबायचा नाही, म्हणून दंडातून काढलेलं रक्त नॉर्मल यायचं. गुन्हेगार दाखवते म्हटलं होतं ना? हा बघ. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

स्वप्नील चिमटा शोधायला धावला. बकुळाबाईंनी त्याला हाताने अडवलं. ओढली तर तुटेल, तुकडा आत राहील, आणखी रक्त येईल. हे काम इस्पितळातच करायचं.

"टॅक्सी आण," त्या म्हणाल्या. "आणि तो खिशातला कागद मला दे."

कागद त्यांनी फाडला नाही. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

६

परळच्या इस्पितळात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं, जागा बधिर करणारं औषध सोडलं, जळूची पकड सैल होऊ दिली आणि चिमट्याने अख्खी बाहेर काढली. आत आणखी काही नाही याची खात्री केली. रविवारी रक्त आलं नाही तर सोमवारी धावायला हरकत नाही, म्हणाल्या. जळू त्या टाकून देणार होत्या. बकुळाबाईंनी एक बाटली मागून घेतली.

परतताना टॅक्सीत रखमा रडली. चुकले म्हणाली, पाया पडते म्हणाली. बकुळाबाईंनी पाय आखडून घेतले.

"पाया नको पडू. सकाळी चौदा दारं फिरलीस आणि माझ्या पोरीला विषारी ठरवलंस. उद्या तीच चौदा दारं परत फिर. ही बाटली घेऊन. तोवर तुझा अर्ज माझ्याकडे राहील."

रविवारी रखमा फिरली. प्रत्येक दारात बाटली वर धरायची, हे नाकात होतं, दीपिकाचा काही दोष नाही, एवढं म्हणायची आणि पुढे जायची. सातव्या दारापर्यंत तिचा आवाज बारीक होता. चौदाव्या दारात तो बराच मोठा झाला होता. संध्याकाळी बकुळाबाईंनी अर्ज तिच्यासमोर फाडला.

सोमवारी पहाटे साडेपाचला दारावर थाप पडली. दीपिका बुटांच्या लेस बांधत होती. बाहेर रखमा उभी होती, मागे दर्शना, आणि रखमाच्या हातात तोच शनिवारचा पेला, पुरावा म्हणून तिने उचलून नेलेला. कडेला पोचा आलेला. त्यात तिने आपल्या घरी कालवलेलं सातूचं पीठ होतं.

"पिऊन जा गो," ती म्हणाली. "वेलची घातलीय."

दीपिका उठली. तिने पेल्याकडे पाहिलं, मग रखमाकडे. हात पुढे केला नाही.

"आधी तुम्ही प्या, काकी."

पॅसेजमध्ये दोन-तीन दारं उघडी होती. बकुळाबाईंना वाटलं, पोरीला गप्प करावं. मग वाटलं, का करावं? रखमाने पेला तोंडाला लावला आणि अर्धा प्यायली. उरलेला तिने तसाच पुढे धरला.

दीपिकाने पेला घेतला, कड पुसली नाही, आणि एका दमात संपवला. तोंड मनगटाने पुसून तिने रिकामा पेला रखमाच्या हातात परत दिला.

"हा आत ठेवा. मांडणीवर. संध्याकाळी परत लागेल."

मग तिने दर्शनाच्या पाठीवर थाप मारली, उशीर होतोय म्हणाली, आणि दोघी जिन्याकडे पळाल्या. रखमा थोडा वेळ तिथेच उभी राहिली. घरी जाताना ती चपलांच्या स्टँडशी थांबली नाही, पेला घेऊन आत गेली.